डाळिंबाची दोन अर्धशतकं : सिन्नरच्या माळावरून वाचलेला इतिहास

संशोधन आराखड्यात 'पूर्वपीठिका' नावाचा एक भाग असतो. तिथं आपण बहुतेक जण एकच काम करतो. सनावळ्या जमवतो, ओळीने मांडतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. महाराष्ट्रातल्या डाळिंबावर अशी ओळ मांडायची झाली तर ती साधारण अशी दिसेल.

१९३६ : पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत 'गणेश' या वाणाची निवड.
१९५२ : दिल्लीत डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्याची, म्हणजे आपल्याकडच्या 'तेल्या'ची, देशातली पहिली नोंद.
१९७० : या निवडीला 'गणेश' हे नाव.
१९९० : रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना.
१९९४ : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'मृदुला' वाण.
२००३ च्या आसपास : राहुरीचाच 'भगवा' वाण, आणि त्याच सुमारास तेल्याचा उद्रेक.
२००५ : सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र.

यादीतल्या नोंदी खऱ्या आहेत. पण इतिहास या नोंदींमधल्या मोकळ्या जागेत आहे. गणेश १९३६ मध्ये हातात आला, मग कोरडवाहू माळरानावर डाळिंबाची लाट यायला नव्वदचं दशक का उजाडावं लागलं? तेल्या १९५२ मध्येच माहीत झाला होता, मग त्याने बागा झोपवायला पुढची पन्नास वर्षं का घेतली? एक वाण आणि एक रोग, दोघंही जवळजवळ अर्धशतक थांबून राहिले. दोघांना थांबवणारी गोष्ट एकच होती का? या लेखात एवढाच प्रश्न आहे. तो मी सिन्नर तालुका समोर ठेवून सोडवायचा प्रयत्न करणार आहे, कारण इथल्या माळावर दोन्ही गोष्टी एकावर एक येतात.

आधी परसातलं झुडूप

डाळिंबाचं शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनॅटम. लिनियसने १७५३ मध्ये ते दिलं. त्यातला 'प्युनिका' हा शब्द कार्थेजकडे बोट दाखवतो, कारण रोमन लोकांना हे फळ तिकडचं वाटायचं. प्रत्यक्षात झाडाचं मूळ घर इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. हिमाचल, जम्मू-काश्मीर, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर आजही रानटी डाळिंब सापडतं. तिकडे त्याला 'दारू' म्हणतात, आणि त्याच्या आंबट दाण्यांचा अनारदाना होतो. पूर्वी डाळिंबाचं वेगळं कुळ मानायचे. आता ते मेंदीच्या कुळात धरलं जातं. आपलं राज्यफूल तामण आणि डोंगरातली धायटी हीसुद्धा त्याच कुळातली.

आपल्याकडे हे झाड नवं नाही. संस्कृतात ते दाडिम. चरकसंहितेत हृदयाला हितकर द्रव्यांचा एक गट दिला आहे, त्यात ते आहे. पतंजलीने महाभाष्यात निरर्थक शब्दांच्या माळेचं उदाहरण देताना सुरुवातच डाळिंबांपासून केली आहे. व्याकरण शिकवणाऱ्याला चटकन आठवावं इतकं ते ओळखीचं होतं. मराठीतही सोललेल्या वालाला आपण डाळिंब्याच म्हणतो.

पण ओळखीचं झाड आणि पीक यांत फरक आहे. फार मोठा काळ डाळिंब आपल्याकडे बागेतलं, परसातलं झुडूप होतं. मोटेच्या पाटाशेजारी, विहिरीच्या कडेला, वाड्याच्या मागे दोन-चार झाडं. फळ घरात, आजारी माणसाला, पाहुण्याला, देवाला. शोभेसाठीही ते लावलं जायचं आणि अजून लावलं जातं. 'नाना' नावाचा बुटका प्रकार आजही कुंडीत किंवा कुंपणाला लावतात. त्याची फळं नावापुरती, खरी शोभा फुलांची. हा 'नाना' लेखाच्या शेवटी पुन्हा लागणार आहे, लक्षात ठेवा.

परसातल्या झाडाचा एक स्वभाव प्रवाशांनीही टिपला होता. इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने लिहून ठेवलंय की इथलं डाळिंब वर्षातून दोनदा फळतं, आणि मालदीव बेटांवर तर त्याने वर्षभर फळणारी झाडं पाहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर थंड प्रदेशात डाळिंब हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि वसंतात एकदाच फुलतं. उष्ण प्रदेशात त्याला झोपायला लावणारी थंडीच नसते, म्हणून ते विखरून, थोडं थोडं, वर्षभर फुलत राहतं. परसातल्या माणसाला हे सोयीचं, कारण कधीही एखादं फळ मिळतं. शेतकऱ्याला मात्र हे अडचणीचं. एकाच झाडावर कळी, कच्चं फळ आणि पिकलेलं फळ एकत्र असेल तर फवारणी कधी करायची, तोडणी कधी करायची आणि व्यापाऱ्याला कोणत्या आठवड्यात बोलवायचं?

म्हणजे झुडपाचं पीक व्हायला दोन गोष्टी हव्या होत्या: विकण्याजोगं फळ आणि झाडाला एकाच वेळी फुलवण्याची युक्ती. पहिली गोष्ट पुण्यात घडली.

गणेशखिंडीतली निवड

पुण्याजवळ गणेशखिंडीत १८७३ मध्ये एक वनस्पती उद्यान सुरू झालं. जॉर्ज मार्शल वुड्रो हे त्याचे अधीक्षक होते. हिंदुस्थानातल्या बागकामावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. हीच बाग आज राहुरी विद्यापीठाच्या अखत्यारीतलं फळ संशोधन केंद्र आहे, आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन यावं.

तीसच्या दशकात इथं डॉ. गं. सिं. चीमा काम करत होते. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना हे नाव 'चीमा साहेबी' या द्राक्षामुळे माहीत असतं. डाळिंबात त्यांच्यासमोर 'आळंदी' नावाचा स्थानिक प्रकार होता. त्याला 'वडकी' असंही म्हणत. दाणा रसाळ, पण आतलं बी टणक. डाळिंबाचा आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे बीचंच मांसल आवरण. त्याच्या आतला थर जितका लाकडासारखा कठीण, तितकं चावताना कचकचतं. चीमांनी आळंदीच्या झाडांतून मऊ बीचं, मोठ्या फळाचं एक झाड निवडलं. बागेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते 'जी.बी.जी.-१' झालं, आणि १९७० मध्ये त्याचं 'गणेश' असं बारसं झालं.

इथं एक बारकावा आहे. हा संकर नव्हता, निवड होती. बीपासून वाढलेल्या डाळिंबाच्या रोपांत भरपूर फरक पडतो, कारण परागीभवन सरमिसळ होतं. त्या सरमिसळीतून एक झाड उचललं की त्याचे गुण टिकवायचा रस्ता एकच उरतो: बी न लावता फांदीपासून रोप करायचं. म्हणजे छाटकलम किंवा गुटी कलम. गुटीत फांदीची साल गोलाकार काढतात, त्यावर ओलं शेवाळ बांधतात, मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावतात. असं केलेलं प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतं. या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा, पुढे लागेल.

पहिलं अर्धशतक : वाण होता, मग अडलं कुठे?

१९३६ ते १९९० या काळात काहीच झालं नाही असं अजिबात नाही. पाणी असलेल्या काही गावांत गणेशच्या बागा होत्या, अनुभव साठत होता. पण मुरमाड माळावर ओळीने डाळिंब दिसायला लागलं ते नंतर. हा उशीर समजून घ्यायला सिन्नरचा भूगोल बघावा लागतो.

नाशिकहून पुण्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर लागतं. गावातल्या गोंदेश्वर मंदिराने यादवांचा काळ डोळ्यासमोर उभा राहतो, आणि मधल्या काळात तालुक्याची ओळख विड्यांच्या धंद्याने झाली. आज माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आहेत. पण पावसाचा हिशोब जुनाच आहे. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सिन्नरला तो साधारण पाचशे-साडेपाचशेवर येतो, आणि वावी-पांगरीच्या पूर्व पट्ट्यात तर आभाळाकडे बघतच खरीप निघतो. देवनदीवर जुने बंधारे आणि पाट आहेत. युवा मित्र या संस्थेने अलीकडच्या काळात त्यांच्या दुरुस्तीचं चांगलं काम केलं. पण नदीचं पाणी पाटाच्या उंचीपर्यंतच जातं. माळ त्याच्या वर राहतो.

अशा माळावर गणेशला लागणाऱ्या चार गोष्टी एकेक करून आल्या.

पहिली, उपसा. विहीर, वीज आणि पंप. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर विहिरींकडे, पाझर तलावांकडे लक्ष गेलं.

दुसरी, ठिबक. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबकला अनुदान मिळायला लागलं. पाटाने पाणी द्यायचं तर जमीन सपाट हवी. ठिबकाला चढउतार चालतात. माळाचा उतार ही अडचण त्या दिवशी संपली.

तिसरी, बाजार. डाळिंबाची साल टिकाऊ, फळ काही दिवस प्रवास सहन करतं. पण त्यासाठी रस्ता, ट्रक आणि दूरच्या शहरात घेणारा हवा. नाशिक जिल्ह्याला द्राक्ष आणि कांद्याने ही वाट आधीच घालून दिली होती.

चौथी आणि माझ्या मते निर्णायक, सुरुवातीच्या वर्षांचा खर्च. डाळिंबाचा पहिला बहार धरायला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. खड्डे, रोपं, खत, मजुरी हे सगळं आधी, पैसे नंतर. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती तेवढी सवड नसते. १९९० च्या योजनेने नेमकी ही फट बुजवली. रोजगार हमीच्या निधीतून खड्डे खणण्याची मजुरी आणि रोपा-खतांचा खर्च मिळू लागला. अनुदान तीन वर्षांत विभागून होतं आणि किती झाडं जगली ते पाहून पुढचा हप्ता मिळायचा. दुष्काळात खडी फोडण्यासाठी जन्मलेली योजना स्वतःच्याच शेतात खड्डे खणण्याची मजुरी देऊ लागली. पुढच्या दशकभरात महाराष्ट्रातलं फळबागांखालचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढलं. नाशिक जिल्ह्यात सटाणा, मालेगाव, देवळा हा पट्टा डाळिंबाचा म्हणून पुढे आला, आणि सिन्नरच्या माळावरही ओळी दिसू लागल्या.

म्हणजे वाण हे कारण आवश्यक होतं, पुरेसं नव्हतं. तुम्ही कोणत्याही तंत्राचा इतिहास लिहीत असाल तर 'शोध लागला' आणि 'पसरला' यांना दोन वेगळी कारणं शोधा. बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या खात्यांत सापडतात.

ताण : माळाचा गुण

आता दुसरी गोष्ट, झाडाला एकाच वेळी फुलवण्याची युक्ती. तिला आपल्याकडे 'बहार धरणं' म्हणतात. पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण द्यायचा. वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात, फांद्यांत अन्नसाठा राहतो. मग छाटणी, खत आणि हलकं पाणी. झाड एकदम पालवतं आणि कळ्यांनी भरतं. हल्ली पानगळीसाठी इथ्रेलही फवारतात. उष्ण प्रदेशात थंडी जे काम करत नाही, ते इथं तहान करते.

काळ्या भारी जमिनीत ओल खोलवर धरून राहते. पाणी बंद करूनही झाड ताणावर यायला वेळ लावतं. मुरमाड जमीन मात्र भराभर सुकते. ज्या कारणाने त्या जमिनीला आपण हलकी म्हणून नावं ठेवतो, त्याच कारणाने ती बहारासाठी सोयीची ठरते. डाळिंब माळावर केवळ 'चालतं' असं नाही. वेळेवर ताण बसणं तिथंच सोपं.

बहार तीन. आंबे बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा पावसाळ्यात फळ. मृग बहारात जून-जुलैत फुलं, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास फळ. हस्त बहारात सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं, फेब्रुवारी ते एप्रिल फळ. पाण्याच्या दृष्टीने बघा. मृग बहारात ताण एप्रिल-मेमध्ये बसतो, तेव्हा विहिरीत तसंही काही नसतं. ताण पाऊसच मोडतो आणि फळ पोसण्याचा बराच काळ पावसाळ्यात जातो. शेवटचे काही आठवडे विहिरीने साथ दिली की झालं. 'डाळिंब हे कमी पाण्याचं पीक' हे वाक्य आपण सतत ऐकतो. ते मृग बहाराच्या हिशोबाने खरं आहे. वाक्यात बहाराचं नाव नसतं, एवढीच त्याची खोट. झाड दुष्काळात जगतं हे एक आणि विकण्याजोगं फळ देतं हे दुसरं. फळ फुगत असताना पाण्यात चढउतार झाला तर ते तडकतं, आणि तडकलेल्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही.

दुसरं अर्धशतक : तेल्या

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास गटातला. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट डाग पडतात, फळावरचे डाग काळे पडून साल इंग्रजी वाय किंवा एल अक्षराच्या आकारात तडकते. दिल्लीत १९५२ मध्ये त्याची नोंद झाली. पुढे अनेक वर्षं तो पाठ्यपुस्तकातला एक किरकोळ रोग होता. कर्नाटकात नव्वदच्या दशकात तो दिसू लागला, आणि महाराष्ट्रात या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने सोलापूर, सांगली, नाशिक, नगर (आता अहिल्यानगर) या पट्ट्यात बागाच्या बागा काढायला लावल्या. 'बाग काढली' हे दोन शब्द या भागात फार शांतपणे उच्चारले जातात. त्यामागे कर्ज, ठिबकाचा खर्च आणि सात-आठ वर्षांची मेहनत असते.

रोग पन्नास वर्षं का थांबला? जिवाणूला काय लागतं ते बघू. उबदार हवा, दमटपणा, पावसाचे उडणारे थेंब, जवळजवळ उभी असलेली रोगाला बळी पडणारी झाडं आणि लांब पल्ल्याचा प्रवास करायला एखादं वाहन.

परसात दोन झाडं, पुढचं परस दोन कोसांवर, अशा मांडणीत जिवाणू अडकून पडतो. १९९० नंतर ही मांडणी बदलली. बागा एकमेकींना लागल्या. वाहन तर आपणच दिलं: गुटी कलम. रोगट बागेतल्या फांदीवर बांधलेली गुटी म्हणजे वाणाच्या प्रतीसोबत रोगाचीही प्रत. लागवडीची घाई असताना रोपं कुठून येतात हे कोण विचारतं? आणि मृग बहार, जो पाण्याला सर्वांत स्वस्त, तोच जिवाणूला सर्वांत सोयीचा, कारण कोवळी पालवी आणि वाढती फळं ऐन पावसात असतात.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घ्या. वाणाला आणि रोगाला थांबवणारी गोष्ट एकच होती का? माझं उत्तर हो असं आहे. दोघंही सलग, दाट, एकसारख्या झाडांच्या बागांची वाट बघत होते. गुटी कलम, फळबाग योजना, ठिबक, मृग बहार: ज्या गोष्टींनी गणेशचं पहिलं अर्धशतक संपवलं, त्यांनीच तेल्याचं दुसरं अर्धशतक संपवलं. यात कोणी दोषी शोधायची गरज नाही. योजना चांगली होती, तिने हजारो घरं उभी केली. पण यश आणि साथ एकाच रस्त्याने आले, आणि हे आपण दोन वेगळ्या प्रकरणांत लिहितो म्हणून आपल्याला दिसत नाही.

लाल दाणा आणि अनेक नावं

मधल्या काळात वाणही बदलला. गणेशचा दाणा फिकट गुलाबी. बाहेरच्या बाजाराला लाल रंग हवा होता. राहुरीत गणेश आणि रशियातून आलेला 'गुल-ए-शाह रेड' यांचा संकर झाला. त्या संकराच्या संततीतून मृदुला, आरक्ता आणि भगवा निघाले. भगव्याची साल जाड, चकचकीत शेंदरी-लाल, दाणा लालभडक, दूरच्या प्रवासाला उत्तम. फळ तयार व्हायला मात्र सहा महिने, म्हणजे मृदुलापेक्षा चांगला दीड महिना जास्त. झाडावर जास्त दिवस म्हणजे पाणी, ऊन आणि रोग यांच्या तावडीतही जास्त दिवस. उन्हाने फळ भाजू नये म्हणून ओळींवर जुन्या साड्या पांघरलेल्या बागा तुम्ही सोलापूरकडे पाहिल्या असतील.

काही वर्षांत भगव्याने गणेशला बाजूला सारलं. देशातल्या डाळिंबाच्या क्षेत्रापैकी निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात, आणि त्यातला मोठा भाग या एकाच वाणाखाली, अशी परिस्थिती आली. लागवडीतले सगळेच व्यापारी वाण तेल्याला बळी पडतात, भगवाही.

संशोधन करणाऱ्यांसाठी इथं एक सापळा आहे. भगव्याला शेतावर आणि बाजारात शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना अशी बरीच नावं आहेत. मुलाखतीत एक शेतकरी शेंदरी म्हणाला, दुसरा अष्टगंधा, तर तक्त्यात दोन वाण दिसतील आणि विविधता आहे असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात ती एकाच झाडाची दोन नावं असू शकतात. स्थानिक नावं जरूर लिहून घ्या, पण त्यांना वाण म्हणून मोजण्याआधी रोप कुठल्या रोपवाटिकेतून आलं तेही विचारा.

रोगाने बदललेला पाण्याचा हिशोब

तेल्यावर रामबाण औषध नाही. रोगट फांद्या छाटणं, पडलेली पानं गोळा करून नष्ट करणं, कात्री निर्जंतुक करणं, झाडाला काही महिने विश्रांती देणं, स्वच्छ रोपं लावणं आणि बहार बदलणं, असा मिळून उपाय आहे. सोलापूरच्या केंद्राने रोगग्रस्त भागात हस्त बहाराची शिफारस केली, म्हणजे फळं कोरड्या हवेत वाढतील. रोगशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर.

आता तोच सल्ला सिन्नरच्या माळावर नेऊन बघा. हस्त बहारात पाणी लागतं ऑक्टोबर ते मार्च. आंबे बहारात तर जानेवारीपासून ऐन उन्हाळ्यात. म्हणजे पावसावर पोसलेलं फळ आता साठवलेल्या पाण्यावर पोसायचं. हे पाणी कुठून आणायचं? प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं हे त्याचं उत्तर ठरलं. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ती आणखी वाढली. यातली बरीच शेततळी पावसाच्या पाण्याने भरत नाहीत. पावसाळ्यात विहिरीतून, बोअरमधून उपसून भरली जातात. म्हणजे जमिनीखालचं, सगळ्या गावाचं पाणी एका शेतावरच्या उघड्या तळ्यात येतं आणि उन्हाळ्यात त्यातलं काही उडून जातं. अभ्यासकांनी यावर लिहिलं आहे, आणि माळावरच्या गावांत ही चर्चा चहाच्या टपरीवरही ऐकू येते.

एका जिवाणूने अशा रीतीने 'कमी पाण्याच्या पिका'ला साठवणीच्या पाण्याचं पीक केलं. ज्याच्याकडे शेततळ्याची जागा आणि भांडवल होतं, तो बहार बदलून टिकला. ज्याच्याकडे नव्हतं, त्याला मृग बहार आणि तेल्या यांच्याशी खेळत राहणं किंवा बाग काढून कांद्याकडे वळणं, एवढेच पर्याय उरले. रोगाची आकडेवारी आणि पाण्याची आकडेवारी वेगळ्या विभागांत शिकवली जाते. शेतकऱ्याला ती एकाच दिवशी सोडवावी लागते.

यात आता मर रोग, सूत्रकृमी आणि खोडाला बारीक भोकं पाडणारे भुंगेरे यांचीही भर पडली आहे. अलीकडच्या वर्षांत सांगोला-आटपाडीकडे त्यांनी मोठं नुकसान केलं. दुसरीकडे कच्छ, बाडमेर, जालोरच्या कोरड्या हवेत डाळिंबाचं नवं क्षेत्र उभं राहतंय. कोरडी हवा तेल्याला मानवत नाही. पण तिथंही लावलं जातंय ते बहुतांशी भगवाच.

पुन्हा बागेतल्या झुडपाकडे

सोलापूरच्या केंद्राने २०१७ मध्ये 'सोलापूर लाल' हा लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेला वाण दिला. त्याची वंशावळ वाचण्यासारखी आहे. एका बाजूला भगवा. दुसऱ्या बाजूला गणेश आणि 'नाना' यांच्या संकराचा हिमालयातल्या रानटी 'दारू'शी केलेला संकर. म्हणजे कुंडीत शोभेला ठेवलेलं बुटकं झाड आणि डोंगरातलं आंबट रानटी झाड, ज्यांना पीक म्हणून कोणी किंमत दिली नव्हती, तीच आता गुणांसाठी कामी येतायत. पंचवीस-तीस वर्षांत आपण लाखो एकसारखी झाडं लावली. पुढचा मार्ग मात्र वेगळ्या झाडांतून जातोय. म्हणून गणेशखिंडीसारख्या जुन्या बागा, गावातल्या जुन्या वाड्यांमागची नाव नसलेली डाळिंबं, यांची नोंद ठेवणं हे निव्वळ हौसेचं काम नाही. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला आणि स्वस्त विषय मला तरी सुचत नाही.

तुमच्या आराखड्यासाठी तीन गोष्टी

पहिली, सनावळी मांडली की तिच्यातलं सर्वांत मोठं अंतर शोधा आणि त्यालाच प्रश्न करा. डाळिंबात ते दोन ठिकाणी पन्नासच्या आसपास निघालं. तुमच्या विषयात ते दहा वर्षांचं असेल, हरकत नाही.

दुसरी, उत्तरासाठी आपल्या विषयाच्या कपाटाबाहेर जा. पिकाच्या इतिहासासाठी सातबाऱ्यातला गाव नमुना १२ उघडा, त्यात कोणत्या वर्षी कोणतं पीक उभं होतं ते मिळतं. रोपवाटिकांच्या जुन्या पावत्या, कृषी खात्याच्या 'शेतकरी' मासिकाचे जुने अंक, 'ॲग्रोवन'ची कात्रणं, भूजल विभागाच्या विहिरींच्या नोंदी हे सगळं एका गावापुरतं जमवलं तरी चित्र उभं राहतं. पूर्ण जिल्हा घेऊ नका. एक गाव, तीस वर्षं, पुरे.

तिसरी, 'काटक', 'कमी पाण्याचं', 'प्रतिकारक' असे शब्द दिसले की थांबा. कशाच्या तुलनेत, कोणत्या हंगामात, कोणाच्या शेतात, हे विचारा. सिन्नरमधल्या एखाद्या गावाचा नमुना १२ आणि तिथल्या विहिरींची पातळी शेजारी शेजारी ठेवून, मृग बहार कोणत्या वर्षी सुटला हे कोणी शोधून काढलं, तर 'कमी पाण्याचं पीक' या वाक्याचा खरा इतिहास आपल्याला पहिल्यांदा नीट लिहिता येईल.